पट्ट्याखालचा दुसरा माणूस

राघोचा हात रोलरात गेला तेव्हा धम्मदिना वरच्या ऑफिसात दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचं काम करत बसली होती. दुपारची शिफ्ट नुकती लागली होती. आधी पट्टा सुरू झाल्याची घरघर तिच्या कानावर आली. मग ती घरघर मध्येच जड पडली, मोटर कण्हायला लागली, आणि त्यावर एका माणसाचा आवाज चढला. असा आवाज माणसाच्या गळ्यातून निघू शकतो हे तिला तोवर माहीत नव्हतं.

ती जिन्यावरून धावत खाली आली. भिवंडीजवळ पूर्णा गावातल्या त्या गोडाऊनमध्ये पार्सलं वाहणारा लांबच लांब पट्टा होता, आणि त्याच्या पोटाखाली, जिथं रोलर आणि पट्टा एकमेकांना चिकटतात, तिथं राघो लोंबकळत होता. राघो म्हणजे पट्ट्यांचा मेकॅनिक, वज्रेश्वरीकडचा. त्याचा जोडीदार कुणाल यानं लाल दोरी ओढून पट्टा बंद केला होता, पण तेवढ्यात राघोचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत आत ओढला गेला होता. शर्टाची बाही, चामडी आणि पट्ट्याचं रबर यांतलं काय कुठं संपतं ते कळत नव्हतं. रक्त रोलरवरून खाली ठिबकत नव्हतं, वाहत होतं.

"पाना आण! पाना!" कुणाल ओरडला. धम्मदिना त्याच्याबरोबर खाली शिरली. दोघांनी मिळून बाजूची पत्र्याची प्लेट सोडली, रोलर हातानं उलटा फिरवला. प्रत्येक फिरवणीला राघो डोकं मागं आपटत होता. शेवटी हात सुटला, म्हणजे जे काही उरलं होतं ते सुटलं. धम्मदिनानं ओढणी काढून त्याच्या दंडाला आवळून बांधली, इतकी आवळली की कापड फाटलं. ॲम्ब्युलन्सची वाट कोण बघणार? माल उतरवून उभा असलेला टेम्पो होता, त्यात राघोला घातला. त्याला धरायला दोन हमाल चढले, कुणालला जागा उरली नाही, आणि टेम्पो निघून गेला.

आता आवारात माणसं जमली होती. तेवढ्यात मितेश आला. मितेश पूर्ण्याचाच. घरच्या शेतांवर गोडाऊन उभी राहिली तेव्हा त्यानं स्वतःची कंपनी काढली. पट्टे चालवणारे कंट्रोलर ही कंपनी बनवायची आणि ते सांभाळणारे मेकॅनिकही कंपनीचेच. धम्मदिना त्याच्याकडे प्रोग्राम लिहायची.

"कार्ड मारलं नसेल त्यानं," मितेश आल्या आल्या म्हणाला. "मी किती वेळा सांगितलंय, कार्ड मारल्याशिवाय आत शिरायचं नाही."

"माज्या म्होरं मारला त्याने!" कुणालनं त्याची कॉलर धरली. त्याचे हात राघोच्या रक्तानं चिकट झाले होते, ते मितेशच्या पांढऱ्या शर्टावर उमटले. "आधी मी मारला, मंग त्याने मारला. मी बेअरिंग आणायला भायेर आलो. कार्ड मारून आलो. आन् माज्या पाठीमागं बेल्ट चालू झाला. कसा झाला? सांग, कसा झाला?"

मितेशनं कॉलर सोडवून घेतली आणि धम्मदिनाकडे बोट केलं. "प्रोग्रॅम हिचा आहे. हिला विचार."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं त्याच क्षणी काही बोलायला हवं होतं. पण ती बघत होती मोटरशेजारच्या भिंतीकडे. तिथं कंट्रोलरच्या जुन्या राखाडी डब्याच्या जागी एक हिरवा डबा बसवलेला होता. सकाळी आत येताना तिनं तो पाहिला होता. नवा दिसतोय, मितेशला विचारायला हवं, असं मनात आलं होतं, आणि मग ती वर जाऊन चहा घेऊन कामाला बसली होती. आता त्या हिरव्या डब्याकडे बघताना तिला सगळं लख्ख कळलं, आणि तिची वाचा बसली.

कुणालनं ती गप्प बसलेली पाहिली. त्याला तेवढं पुरलं.

पहिली थप्पड कानाखाली बसली तेव्हा तिला फक्त शिटी ऐकू आली. मग कुणीतरी मागून केस धरले. "इसी ने चालू किया! ऊपर बैठ के चालू किया!" एक हमाल ओरडला, आणि ते वाक्य गर्दीत फिरलं. ती काही लेचीपेची नव्हती. दिघाशीच्या मुलींच्या कबड्डी संघात ती कॉलेज संपेपर्यंत खेळली होती. तिनं एकाच्या पोटात कोपर घातलं, दुसऱ्याच्या मनगटाला चावली. पण कबड्डीत समोर सात असतात आणि पंच असतो. इथं पाठीवर लाथा बसत होत्या त्या कुणाच्या ते दिसतही नव्हतं. कुणालच्या हातात पट्ट्याचा सुटा रोलर आला, लोखंडी, हातभर लांब. त्यानं तो डोक्यावर उगारला. तिनं मान वाकडी केली म्हणून डोकं वाचलं. रोलर डाव्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

तिला वाचवलं गुणाबाईनं. गुणाबाई गोडाऊनमध्ये झाडू मारायची, अंगानं थोराड. तिच्याकडे पेट्या ओढायचा लोखंडी आकडा होता. तो गरागरा फिरवत ती गर्दीत घुसली. एकाचा गाल फाटला. "हटा! हटा, नायतर आतडी काढीन एकेकाची!" असं ओरडत ती धम्मदिनाच्या अंगावर आडवी पडली आणि तशीच पडून राहिली. बाई अंगावर पडल्यावर मारणारे थबकले. कुणालच्या हातातून रोलर गळला. तो खाली बसला आणि मोठमोठ्यानं रडायला लागला.

मितेश तोपर्यंत आपल्या गाडीत जाऊन काचा वर करून बसला होता.

धम्मदिना दिघाशीची. वडील कोंडू भिवंडीत लूमवर होते, आई कलावती लोकांच्या भातलावणीला जायची. घरात पहिली इंजिनिअर हीच. कॉलेजात प्रोग्राम लिहायची सी भाषा बऱ्याच जणांना नकोशी वाटायची, हिला ती आवडली. मेमरीचं एकेक घर मोजून वापरायचं, आपण मागितलं तेवढंच मिळणार, आपण चुकलो तर सावरायला कुणी नाही, हा खडखडीतपणा तिच्या स्वभावाला मानवला. मैत्रिणी मुंबई-पुण्याकडे गेल्या. ही मितेशकडे लागली, कारण बसनं घरी परत येता यायचं.

पट्ट्याचा तो प्रोग्राम मुळात तिचा नव्हताच. तिच्या आधी अनंता नावाचा एकजण होता, त्यानं लिहिलेला. तो नोकरी सोडून गेल्यावर सगळं तिच्या गळ्यात आलं.

त्या पट्ट्याला दोन डबे होते, एक दाराशी आणि एक मोटरपाशी. मेकॅनिक आत शिरताना दाराशी कार्ड मारायचा. आत असलेल्या माणसांची एक साखळी दाराचा डबा आपल्या मेमरीत धरून ठेवायचा. प्रत्येक माणसाची एक कडी. कडीत त्याचं नाव, कार्डाचा नंबर, आणि पुढच्या माणसाची कडी मेमरीत कुठं आहे त्याचा पत्ता. लिंक्ड लिस्ट म्हणतात ती हीच. नवा माणूस आत गेला की दाराचा डबा ही सगळी साखळी तारेवरून मोटरच्या डब्याला पाठवायचा. माणूस बाहेर आला की फक्त त्याचं नाव पाठवायचा, आणि मोटरचा डबा तेवढं नाव खोडायचा. मोटरच्या डब्यात एक जरी नाव शिल्लक असेल तर पट्टा हलता कामा नये; शेवटचं नाव खोडलं गेलं की तो आपोआप सुरू व्हायचा. पूर्वी मेकॅनिक मेन स्विचला आपापलं कुलूप लावून किल्ली खिशात घालून आत जायचे. मितेशनं ती पद्धत बंद केली. कुलपं लावण्या-काढण्यात वेळ जातो, आमचं कार्ड बस्स आहे, हेच सांगून तर त्यानं हे काम मिळवलं होतं.

अनंतानं घाईत एक सोपी वाट धरली होती. त्यानं कड्या जशाच्या तशा, पत्त्यांसकट, तारेवर टाकल्या होत्या. आता पत्ता हा ज्या मेमरीतला, तिथंच खरा. दिघाशीत कुणाला 'विहिरीमागचं दुसरं घर' सांगितलं तर तो बरोबर कोंडूच्या दारात येईल. तेच शब्द घेऊन तो वज्रेश्वरीला गेला तर तिथंही विहीर असेल, तिच्यामागं दुसरं घरही असेल, पण कोंडू नसेल. तरी अनंताचं काम चालत होतं, कारण दोन्ही डबे एकाच घडणीचे आणि दोन्हींत तोच प्रोग्राम. दाराच्या डब्यात कडी ज्या जागी, मोटरच्या डब्यातही ती त्याच जागी मांडली जायची. पत्ते योगायोगानं जुळत होते.

धम्मदिनाला हे वाचतानाच खटकलं. तिनं मितेशला सांगितलं होतं. "सर, हे पत्ते पाठवायचे नसतात. साखळी मोडून एका ओळीत मांडायची. आधी किती माणसं ते, मग एकेकाचं नाव नि नंबर, आणि घेणाऱ्यानं आपली साखळी आपल्या मेमरीत नव्यानं बांधायची. उद्या डबा बदलला तर हे कोसळेल."

"डबे सारखेच आहेत ना? मग चालतंय ते चालू दे. नंतर बघू," मितेश म्हणाला. तिनं प्रोग्राममध्ये मोठ्या अक्षरांत ताकीद लिहून ठेवली आणि तीही दुसऱ्या कामाला लागली. पुन्हा विषय काढला नाही.

आणि मग अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी, मोटरपाशी शॉर्टसर्किट होऊन जुना डबा जळाला. पट्टा बंद म्हणून गोडाऊनवाले फोनवर फोन करत होते. जुन्या घडणीचा डबा बाजारात नव्हता. मितेशनं दुसऱ्या घडणीचा हिरवा डबा आणला, स्वतःच प्रोग्राम चढवला, एका माणसाला कार्ड मारून आत पाठवलं, पट्टा थांबलेला बघितला आणि काम झालं म्हणून मोकळा झाला. एकट्या माणसाला पट्टा थांबणारच होता. पहिली कडी नीट वाचली जात होती. पण हिरव्या डब्यातली मेमरीची मांडणीच वेगळी. पहिल्या कडीतल्या पत्त्यावर दुसरी कडी शोधायला गेलं की तिथं नुसती शून्यं. आणि शून्य दिसलं की साखळी संपली, असं प्रोग्रामला सांगितलेलं. कुणाल आणि राघो दोघं आत गेले तेव्हा मोटरच्या डब्याला एकटा कुणालच कळला. कुणाल बाहेर आला, त्याचं नाव खोडलं गेलं. डब्याच्या लेखी आता आत कुणीच नव्हतं.

राघो जगला. हात मात्र खांद्याच्या थोडा खाली कापावा लागला. पोलिसांनी पट्ट्याला सील लावलं आणि सरकारी तपासणी अधिकारी येतील असं ठरलं. धम्मदिना खांद्याचं हाड मोडून, एका कानानं बधिर होऊन दिघाशीला घरी पडली होती. हाडापेक्षा तिला तो हिरवा डबा जास्त छळत होता. डोळे मिटले की तोच दिसायचा, आणि आपण त्याच्यासमोरून चालत जाऊन जिना चढतोय असं दिसायचं.

एका दुपारी मितेशची जीप दारात थांबली. बरोबर दोन माणसं होती, दंडावर गंडे बांधलेली. कोंडू ओट्यावर बसला होता, उठून म्हणाला, "या साहेब, बसा."

मितेश बसला नाही. उंबऱ्यातूनच तिला म्हणाला, "तपासणीच्या दिवशी तुला बोलावतील. सांगायचं, प्रोग्रॅम बरोबर आहे, राघोनं कार्ड मारलं नव्हतं. एवढंच. नोकरी तुझी तशीच राहील."

"सर, त्याने कार्ड मारलं होतं."

"तू बघितलंस?"

"बघायची गरज नाही. तो डबा दुसरं नाव वाचूच शकत नाही. तुम्ही बदललात तेव्हा मला एक फोन करायचा होता."

मितेशचा चेहरा उतरला, मग लालबुंद झाला. "म्हणजे माझ्यावर ढकलणार? तुला माहीत होतं ना आधीपासून? प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलंयस तू. आत जाशील तर तूच जाशील!" असं म्हणत त्यानं तिचा मोडका खांदा धरला आणि दाबला.

ती किंचाळली. कोंडू मध्ये पडला, "ओ साहेब, पोरीला हात लावायचा न्हाय," तर त्या दोघांपैकी एकानं म्हाताऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. कोंडू ओट्यावरून खाली अंगणात कोसळला. दुसरा आत शिरला. टेबलावर तिची कामाची मांडामांड होती, दोन-तीन सर्किट, मीटर, तारा. त्यानं टेबलच उलटं केलं आणि बुटाच्या टाचेनं एकेक वस्तू चेचायला लागला. लॅपटॉप उचलून भिंतीवर फेकला.

कलावती मागच्या दारी मिरच्या कांडत होती. ती आली ती मुसळ घेऊनच. तिनं काही विचारलं नाही. लॅपटॉप फेकणाऱ्याच्या पाठीत तिनं मुसळ असं घातलं की तो गुडघ्यावर आला. मुसळाची मिरची त्याच्या डोळ्यांत उडाली, तो आंधळ्यासारखा भिंत चाचपडायला लागला. कोंडूला मारणारा तिच्या अंगावर धावला. धम्मदिना तेव्हा जमिनीवर पडलेली होती. तो तिच्या शेजारून जाताना तिनं उजव्या हातानं त्याचा घोटा पकडला आणि सगळं अंग टाकून ओढला. तो तोंडावर आपटला, उंबऱ्याच्या दगडावर. दोन दात तिथंच पडले.

"काय झाला? काय झाला गो कलावती?" शेजारीपाजारी धावत आले. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोयता. मितेश जीपकडे पळाला. त्याची माणसं एकमेकांना धरत मागून चढली. जीप मागं घेताना कोंडूच्या पायावरून जाता जाता राहिली.

"पोलिसांत जाऊ," कलावती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आन् तू त्या तपासणीला जायाची. खाटंवर घालून नेऊ, पन जायाची."

तक्रार झाली. आणि तपासणीच्या दिवशी धम्मदिना स्वतःच्या पायांनी पूर्ण्याला गेली. गळ्यात हात अडकवलेला, डोळ्याखाली अजून पिवळट डाग. बरोबर आई होती. गोडाऊनमध्ये हमाल, मेकॅनिक सगळे एका बाजूला उभे होते. कुणालही होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गुणाबाईनं येऊन तिला बसायला खोका दिला.

अधिकाऱ्यांनी मितेशचं ऐकून घेतलं. मग तिला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"सांगून कळायला वेळ लागेल साहेब. दाखवते. फक्त आत माणूस नको."

तिनं येतानाच केळीचा एक जाडजूड खुंट मागवून घेतला होता. राघो जिथं काम करत होता तिथं तो रोलरपाशी टेकवून उभा केला. सील काढलं. तिच्या सांगण्यावरून कुणालनं आपलं कार्ड मारलं. मग त्याच्याच हातानं राघोचं कार्ड मारलं. दाराच्या डब्यावर दोन नावं उमटली, ती अधिकाऱ्यांनी वाचून पाहिली.

"आता तुझंच कार्ड परत मार. बाहेर आलास असं," ती कुणालला म्हणाली.

त्यानं कार्ड टेकवलं. मोटर घरघरली आणि पट्टा सुरू झाला. दाराच्या डब्यावर राघोचं नाव तसंच दिसत होतं. खुंटाचं टोक रोलरात शिरलं, खुंट उभाच्या उभा हादरला, कचाकच चिरत गेला. पांढरा चीक भिंतीवर उडाला, बघणाऱ्यांच्या अंगावर उडाला. तिनं लाल दोरी ओढली तोपर्यंत खुंटाचा वरचा अर्धा चेंदा होऊन पट्ट्याला चिकटला होता.

मग धम्मदिनानं अधिकाऱ्यांना साखळीचं, पत्त्याचं, शून्याचं सगळं समजावून सांगितलं. डबा कुणी बदलला तेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "ही चूक प्रोग्राममध्ये आहे हे मला माहीत होतं. एकदा सांगितलं, मग सोडून दिलं. आणि त्या दिवशी सकाळी नवा डबा दिसूनही मी विचारलं नाही. हेही लिहा."

ती बोलत असतानाच कुणाल हलला होता. तो सरळ मितेशवर गेला. पहिल्याच ठोशाला मितेशच्या नाकाचं हाड गेलं. मितेश खाली पडला तसा कुणाल त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला, एकाच जागी, एकाच लयीत. त्याच्यामागं बाकीचे धावले. "पट्टे में डालो! इसको भी पट्टे में डालो!" कुणीतरी ओरडलं, आणि खरंच चार-पाच जणांनी मितेशचे हातपाय धरून त्याला पट्ट्याकडे फरफटत न्यायला सुरुवात केली. बरोबरचा शिपाई एकटा होता, त्याला कुणी जुमानेना.

धम्मदिना लगेच उठली नाही. हे तिनं मागाहून स्वतःच सांगितलं. मितेशचं रक्त फरशीवर ओढलं जाताना ती खोक्यावर बसून बघत होती, आणि तिला बरं वाटत होतं. त्यांनी त्याचा हात रोलरपाशी नेला. मितेशनं पँटीत मुतून दिलं आणि तो "आये, आये" करत ओरडायला लागला. तेव्हा ती उठली.

ती पट्ट्याच्या मेन स्विचपाशी गेली आणि तो खाली खेचून त्याला पाठ लावून उभी राहिली. "कुणाल! आता पट्टा चालू करायचा तर आधी मला हटवावं लागंल. ये. खांदा अजून एक हाय."

कुणाल तिच्याकडे बघत राहिला. गुणाबाई आणि कलावतीनं मिळून मितेशचे पाय सोडवले. शिपायानं त्याला ओढून बाजूला घेतलं. कुणालच्या हातांची सालटी निघाली होती, तो ती बघत उभा होता, दुसऱ्याचे हात असावेत तशी.

पुढं केस झाली. मितेशवर निष्काळजीपणाचा आणि घरात घुसून मारहाणीचा असे दोन्ही गुन्हे लागले. कुणालवरही लागला. गोडाऊनवाल्यांनी मितेशचं काम काढून घेतलं, मेन स्विचला प्रत्येक मेकॅनिकचं वेगळं कुलूप परत आलं. तपासणीच्या अहवालात धम्मदिनाचंही नाव आलं, कळूनही पाठपुरावा केला नाही म्हणून. तिनं त्यावर काही हरकत घेतली नाही. पट्ट्याचं काम ज्या दुसऱ्या कंपनीनं घेतलं तिनं सहा-आठ महिन्यांनी धम्मदिनाला बोलावलं. तिनं तो भाग मुळापासून नवा लिहिला. आधी माणसांची संख्या, मग एकेकाचं नाव नि नंबर, पत्ता एकही नाही. घेणाऱ्या डब्यानं संख्या मोजून उलट कळवायची. जुळली नाही, काही शंका आली, तार तुटली, तर पट्टा बंदच. तपासताना तिनं एक माणूस, दोन माणसं, पाळीतली सगळी माणसं, असं सगळं करून पाहिलं, आणि मधूनच तार उपटूनही पाहिली.

राघोकडे जायला मात्र तिला फार वेळ लागला. वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडांच्या वाटेवर त्याची बायको ललिता नारळ-फुलांचं दुकान मांडायची, तिथं तो आता बसायचा. धम्मदिना बसमधून उतरून दुकानासमोर उभी राहिली. त्यानं तिला ओळखलं.

"तुजा खांदा?" त्यानं विचारलं.

"वर जात नाही पूर्ण."

"कुणालने सांगितला मना सगला. एकच विचारतो. तुला ठावं होता?"

"होतं."

"डबा पाहिलेला तू?"

"सकाळी पाहिला होता."

राघो फळीवरून खाली उतरला, तिच्यासमोर आला आणि डाव्या हातानं तिच्या तोंडात मारली. सवय नसलेल्या हाताची ती थप्पड वेडीवाकडी बसली, तिचा ओठ फुटला. देवीला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. ललिता आतून ओरडली, "अहो! अहो, काय करता?" धम्मदिना जागची हलली नाही. तिनं ओठ पुसलाही नाही.

राघो तसाच उभा राहिला. त्याला धाप लागली होती आणि रिकामी बाही वाऱ्यानं हलत होती.

"ललिता, पानी आन तिला," तो शेवटी म्हणाला. मग एक नारळ उचलून तिच्यापुढं धरला. "ह्याची शेंडी सोलून दे. मना एका हातानं जमत न्हाय, आन् गिऱ्हाईक खोळंबलंय."

ती फळीवर बसली आणि नारळ सोलायला लागली.